कारण न सापडलेली दुखणी : रक्ततपासणी, आहार आणि पूरके

आधुनिक वैद्यकाने गेल्या दीड-दोन शतकांत रोगांची जी विस्तृत नामावली सिद्ध केली, तिच्यात ज्यांच्या दुखण्याला कुठेच जागा सापडत नाही अशी माणसे प्रत्येक दवाखान्याच्या बाकावर रोज बसलेली असतात. सकाळी उठतानाच अंगात त्राण नसणे, तळपायांना मुंग्या येणे, रात्री पोटऱ्यांत गोळे येणे, विंचरताना केसांचा पुंजका हातात येणे, चार घास खाल्ले तरी पोट तडस लागल्यासारखे फुगणे, आत्ता वाचलेले लक्षात न राहणे, अशी ही गाऱ्हाणी असतात; ती खरी असतात, रोज भोगावी लागतात, आणि तरीही नाडी, रक्तदाब, हृदयालेख, छातीचा फोटो यांपैकी कशातही त्यांचा माग लागत नाही. अशा रोग्याला "तुम्हाला काही झालेले नाही" असे सांगून वाटेला लावणे हा मी अन्याय समजतो. तो मग स्वतःच तपासाला लागतो : रक्ताचे अहवाल जमवतो, आज गहू तर उद्या दूध वर्ज्य करून पाहतो, औषधाच्या दुकानातून जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणतो. त्याची ही वाट मुळात अशास्त्रीय नाही, कारण वैद्यकातील काही थोर शोध याच वाटेने लागले आहेत. परंतु तिच्यावर एक कडक शिस्त आहे, आणि ती क्रमाची आहे : आधी प्रश्न निश्चित करावा, मग रक्त द्यावे, त्यानंतरच आहारात किंवा गोळ्यांत एका वेळी एकच फरक करावा, आणि त्या फरकाचा परिणाम कशावरून ठरवायचा हे फरक करण्यापूर्वीच लिहून ठेवावे. हा क्रम पाळला तर कोठे पोचता येते आणि मोडला तर काय हरवते, याचा हा आढावा आहे.

गेल्या शतकाच्या आरंभी 'घातक रक्तक्षय' म्हणून जो रोग ओळखला जाई, त्याचे रोगी फिकट पिवळे पडत, जीभ लाल गुळगुळीत होई, हातापायांची जाणीव जाई आणि दोन-तीन वर्षांत मृत्यू ओढवे. १९२६ साली बोस्टनच्या जॉर्ज मायनो आणि विल्यम मर्फी यांनी ४५ रोग्यांना रोज भरपूर यकृत खाऊ घालून ते बरे होत असल्याचे जाहीर केले, आणि १९३४ साली जॉर्ज व्हिपल यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या कथेत यकृताचे कौतुक नेहमी होते. मला मायनो यांची मोजणी अधिक मोलाची वाटते. रोग्याला बरे वाटते की नाही एवढ्यावर ते विसंबले नाहीत. अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात; यकृत सुरू केल्यापासून आठ-दहा दिवसांत त्यांची संख्या एकदम उसळते, आणि ही उसळी रोग्याच्या आशेने किंवा वैद्याच्या आश्वासनाने येत नाही. आहार हा उपाय तर होताच. या मोजणीमुळे तो पुरावाही झाला.

त्याच शहरातील विल्यम कॅसल यांनी याच मोजपट्टीने पुढचा प्रश्न विचारला : यकृताने जे साधते ते निरोगी माणसाला साध्या मांसाने कसे साधते? त्यांनी घातक रक्तक्षयाच्या रोग्यांना दहा दिवस नुसते गोमांस दिले. कोवळ्या पेशी वाढल्या नाहीत. मग त्यांनी तेच मांस स्वतः खाल्ले, तासाभराने स्वतःच्या जठरातून ते परत काढले, आणि आपल्या जठररसासह नळीने रोग्याला दिले, तेव्हा पेशी उसळल्या. रोग्याच्या अन्नात कमतरता नव्हती, त्याच्या जठरात होती. सर्वस्वी किळसवाणा वाटणारा हा प्रयोग आजच्या प्रत्येक जिज्ञासू रोग्याने मनाशी बाळगावा असा आहे, कारण 'काय कमी आहे' या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर 'ते का कमी आहे' हा दुसरा प्रश्न उरतोच, हे त्याने पहिल्यांदा दाखवले.

या इतिहासाचा पुढचा अध्याय मुंबईत घडला आहे, आणि तो मराठी वाचकांना फारसा ठाऊक नाही. लूसी विल्स या इंग्रज स्त्रीवैद्य १९२८ साली मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत, प्रसूतिकाळातील मातृमृत्यूंच्या चौकशीत, गरोदर स्त्रियांच्या एका भयंकर रक्तक्षयाचा तपास करू लागल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना तो विशेष होई. त्यांच्या रक्तपेशी घातक रक्तक्षयातल्यासारख्याच मोठाल्या दिसत. पण ज्या शुद्ध यकृतार्काने घातक रक्तक्षय बरा होई, त्याने या बायकांना गुण येईना. विल्सबाईंनी त्यांच्या जेवणाची चौकशी केली, प्राण्यांवर प्रयोग केले, आणि अखेर यीस्टपासून केलेल्या 'मार्माइट' नावाच्या एका स्वस्त, खारट, काळपट लेहाने या स्त्रिया बऱ्या होतात असे १९३१ साली प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखे दिसणारे दोन रक्तक्षय वेगळे आहेत, हे परळच्या त्या तपासातून कळले. ज्या घटकाला पुढे काही वर्षे त्यांचेच नाव होते, तो १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला आणि फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला; घातक रक्तक्षयातला घटक, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ साली हाती आले.

मधल्या सात वर्षांत जे घडले ते या विषयातील सर्वांत गंभीर इशारा आहे. फॉलिक आम्ल आधी उपलब्ध झाले, म्हणून घातक रक्तक्षयाच्या रोग्यांनाही ते देण्यात आले. त्यांचे रक्त सुधारले, रंग परतला, आणि मज्जारज्जूची हानी मात्र आतल्या आत चालूच राहिली, काहींच्या बाबतीत ती अधिक वेगाने झाली. अहवालातला आकडा सुधारला आणि माणूस पांगळा होत गेला. आजही ज्याच्या तळपायांना मुंग्या येतात तो ब-१२ न मोजता फॉलिक आम्ल असलेली 'रक्तवाढीची' गोळी घेतो, तेव्हा त्याच धोक्याची पुनरावृत्ती होत असते.

आपल्या प्रदेशात हा धोका काल्पनिक नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतील, झोपडवस्तीतील आणि शहरी मध्यमवर्गातील मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत ६७ टक्क्यांचे ब-१२ कमी होते, आणि ज्यांच्या घरी अन्नाची ददात नाही अशा शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासळी, मांस यांतच ते असते. आमटी-भात, पोळी-भाजी आणि दोन कप चहातले दूध एवढ्यावर जगणाऱ्या माणसाचा साठा वर्षानुवर्षे हळूहळू आटत जातो. याच केंद्राच्या मातृपोषणाच्या अभ्यासात, ज्या मातांचे ब-१२ कमी आणि फॉलिक आम्ल भरपूर होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. गरोदर स्त्रियांना सरकारी योजनेतून लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या मिळतात आणि त्यांचा उपकार मोठा आहे. त्यांच्या जोडीला ब-१२ चा विचार व्हावा, ही मागणी मला अत्यंत रास्त वाटते.

आता प्रत्यक्ष अहवालाकडे वळू. रोगी ज्या कागदावर आपले भवितव्य शोधत असतो, त्याच्यावर चाचणीचे नाव, आलेला आकडा आणि शेजारी संदर्भमर्यादा असे तीन रकाने असतात; मर्यादेबाहेरचा आकडा ठळक छापलेला असतो आणि डोळा तेथेच जाऊन खिळतो. ही मर्यादा बहुधा निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांच्या आकड्यांवरून आखलेली असते. म्हणजे प्रत्येक चाचणीत शंभरांतील पाच निरोगी माणसे व्याख्येनेच मर्यादेबाहेर पडतात. आणि परस्परांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा ठळक छापला जाण्याची शक्यता ६४ टक्के भरते. 'संपूर्ण शरीर तपासणी' म्हणून साठ-सत्तर चाचण्यांचे जे संच सवलतीत विकले जातात, त्यांत एखादा तरी ठळक आकडा निघणे जवळजवळ निश्चितच असते. लक्षणाशी ज्याचा संबंध नाही अशा आकड्याच्या पाठीमागे लागून माणसाने वर्ष घालवावे, हे मला फार दुःखद वाटते.

रक्त काढण्याची रीतही निकालात उतरते. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमचा एक क्षार असतो आणि तो कॅल्शियमला बांधून टाकतो. घाईत त्या नळीतले रक्त दुसऱ्या नळीत ओतले गेले, तर पोटॅशियम भीतिदायक वाढलेले आणि कॅल्शियम तितकेच घटलेले दिसते, आणि रोग्याच्या शरीरात यातले काहीच घडलेले नसते. रक्तातले लोह सकाळ-संध्याकाळ बदलते. म्हणून अनपेक्षित आकडा आला की औषधाआधी पुन्हा नमुना देऊन त्याची खातरजमा करणे हे पहिले कर्तव्य आहे.

लोहाचा प्रश्न महाराष्ट्रात घरोघरचा आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी ठरल्या. परंतु हिमोग्लोबिन हा फार उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. लोहाचा साठा संपत येतो तेव्हा तो गप्प असतो. साठ्याचा अंदाज फेरिटिनवरून येतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीत १५ मायक्रोग्रॅमखालचे फेरिटिन कमी मानते. पण अंगात कोठे दाह वा जंतुसंसर्ग असेल तर फेरिटिन खोटेच वर चढते, आणि तेव्हा ७० पर्यंतचा आकडाही कमतरतेचाच समजावा लागतो. म्हणून फेरिटिनबरोबर दाहदर्शक सीआरपी पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये. आपल्याकडे आणखी एक गुंता वारंवार आढळतो : लोह कमी असले की लाल पेशी लहान होतात, ब-१२ कमी असले की मोठ्या होतात, आणि दोन्ही कमी असली की पेशींची सरासरी ठाकठीक येऊन दोन्ही उणिवा एकमेकींच्या आड लपतात. पेशींच्या आकारातील विषमता दाखवणारा आकडा त्याच अहवालात दोन ओळी खाली असतो आणि तो कोणी वाचत नाही. उलट, पेशी लहान, फेरिटिन मात्र उत्तम, असे असेल तर थॅलेसीमियाचे वाहकत्व संभवते. त्याला वर्षानुवर्षे लोह पाजणे निरर्थक आहे, आणि हिमोग्लोबिनच्या प्रकारांची एक चाचणी हा प्रश्न निकालात काढते.

हिमोग्लोबिन पुरेसे असूनही साठा कमी असल्यामुळे थकवा येतो काय, याची चांगली परीक्षा फ्रान्समध्ये झाली. ५० हून कमी फेरिटिन असलेल्या, रक्तक्षय नसलेल्या आणि थकव्याची तक्रार करणाऱ्या १९८ स्त्रियांपैकी काहींना १२ आठवडे रोज ८० मिलिग्रॅम लोह आणि काहींना दिसायला तशीच पण निर्गुण गोळी देण्यात आली. लोह घेणाऱ्यांचा थकवा ४७.७ टक्क्यांनी उतरला. निर्गुण गोळी घेणाऱ्यांचाही २८.८ टक्क्यांनी उतरला. पहिल्या आकड्याने लोहाची बाजू सिद्ध होते. दुसरा आकडा सांगतो की गोळी घेतल्यावर बरे वाटणे एवढ्यावरून गोळी योग्य होती असे म्हणता येत नाही. ते बारा आठवडे संपल्यावर फेरिटिन पुन्हा मोजले तरच रुजवात पडते. लोह घेण्याच्या रीतीविषयीही ज्ञान बदलले आहे : एक मात्रा घेतली की आतड्यातून लोह शोषण्यावर शरीर सुमारे दिवसभर स्वतःच लगाम घालते, त्यामुळे एक दिवसाआड घेतलेली गोळी प्रमाणाने अधिक शोषली जाते, असे झूरिकच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवले. गोळीबरोबर चहा नको आणि लिंबू चालेल, हा जुना सल्ला आजही खरा आहे.

आणि कॅसल यांचा दुसरा प्रश्न येथे सर्वांत निकडीचा ठरतो. पाळी चालू असलेल्या तरुण स्त्रीत लोहाची उणीव सहज समजते. पण पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत ती आढळली तर अन्नमार्गातून रक्त कोठे जाते आहे हे शोधलेच पाहिजे, कारण मोठ्या आतड्याचा कर्करोग कधी कधी प्रथम एवढ्याच रूपाने प्रकट होतो. अशा माणसाने सहा महिने खजूर, बीट आणि लोहाच्या गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन वाढवले, तर त्याने आजाराला सहा महिन्यांची मुदत दिली. ब-१२ च्या उणिवेमागेही शाकाहाराखेरीज जठराचा विकार, मधुमेहासाठी दीर्घकाळ घेतलेले मेटफॉर्मिन, किंवा आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे चालू ठेवलेली गोळी असू शकते.

पूरक आधी आणि चाचणी नंतर, असा उलटा क्रम झाला म्हणजे किती अनर्थ होतो, याचे उत्तम उदाहरण बायोटिन आहे. शरीराची रोजची गरज तीस-चाळीस मायक्रोग्रॅमची. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळीत पाच ते दहा मिलिग्रॅम असते. थायरॉईडच्या अनेक चाचण्यांची रासायनिक रचनाच बायोटिनवर आधारलेली असल्यामुळे रक्तात ते अतोनात असले की टीएसएच खोटेच कमी आणि थायरॉईडचे संप्रेरक खोटेच जास्त दिसते. केस गळतात म्हणून बायोटिन घेणाऱ्या आणि केस का गळतात म्हणून थायरॉईड तपासणाऱ्या स्त्रीच्या हाती अशा रीतीने तिला नसलेल्या रोगाचा अहवाल पडतो. हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीतही अशी गफलत होऊ शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१७ साली जाहीर इशारा दिला. रक्त देण्यापूर्वी निदान दोन दिवस ही गोळी बंद ठेवावी, आणि आपण कोणत्या गोळ्या घेतो हे नमुना घेणाऱ्यास सांगावे.

ड जीवनसत्त्वाविषयी थोडक्यात सांगतो. २०११ साली एका अमेरिकी मान्यवर समितीने २० नॅनोग्रॅम पुरेसे मानले आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी ३० चा आग्रह धरला, त्यामुळे २४ आकडा असलेला माणूस कोणाचे ऐकतो यावर त्याचे आरोग्य ठरू लागले. २०२४ साली त्या संघटनेने आपला ३० चा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांची सरसकट चाचणी करू नये असे म्हटले. २५,८७१ लोकांवर पाच वर्षे चाललेल्या मोठ्या चाचणीत रोज २,००० युनिटांनी कर्करोग किंवा हृदयविकार कमी झाला नाही. तरीही बरगड्या आणि मांड्या दुखणे, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागणे, ही उन्हाला पारख्या झालेल्या माणसांची लक्षणे खरी असतात आणि तेथे ही चाचणी न्याय्यच आहे. आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० युनिटांची पुडी समजुतीच्या चुकीने रोज घेतली जाते, आणि मग कॅल्शियम वाढून तहान, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडाची हानी असा नवाच आजार उभा राहतो. पुडी लिहून देताना वार सांगणे हे वैद्याचे काम आहे.

आहार हे तपासाचे साधन म्हणून किती समर्थ आहे, हे नेदरलँड्सच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी दाखवले. काही मुले सतत जुलाब होऊन खंगत. गव्हाचा त्यांच्याशी संबंध असावा असा डिके यांचा युद्धापूर्वीपासूनचा कयास होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात देशात दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला तेव्हा ही मुले इतर मुलांप्रमाणे न खालावता उलट सुधारली, आणि पाव परतताच पुन्हा आजारी पडली. डिके यांनी तेवढ्यावर समाधान न मानता युद्धानंतर एकेक धान्य घालून आणि काढून, मुलांच्या विष्ठेतील स्निग्धांश मोजून, १९५० च्या आपल्या प्रबंधात गव्हाचा दोष सिद्ध केला. काढल्यावर बरे वाटणे हा अर्धा पुरावा. घातल्यावर पुन्हा तसेच होणे हा उरलेला अर्धा, आणि घरगुती प्रयोगांत नेमका तोच राहून जातो.

सीलिअक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रोगासाठी आज रक्ताची चांगली चाचणी आहे, परंतु गहू सोडल्यावर रक्तातील ती प्रतिद्रव्ये हळूहळू नाहीशी होतात. जो आधी पोळी सोडून भाकरीवर राहतो आणि नंतर रक्त देतो, त्याचा निकाल नकारार्थी येऊन निदान कायमचे निसटू शकते. भाकरीने पोटाला आराम पडतो असे सांगणारे पुष्कळ लोक मला भेटतात आणि त्यांच्यावर माझा विश्वास आहे. पण त्यातल्या साऱ्यांना ग्लुटेन हे गव्हातील प्रथिनच बाधते असे नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, आपल्याला ग्लुटेन सोसत नाही असे मानणाऱ्या ५९ जणांना काय दिले ते न कळता वेगवेगळ्या वड्या खाऊ घातल्या, तेव्हा त्रास ग्लुटेनपेक्षा गव्हातील फ्रुक्टान या शर्करेने अधिक झाला. ही शर्करा कांद्या-लसणातही भरपूर असते. तेव्हा पोळी सोडलेल्या माणसाने कांदा-लसणाचे वाटण चालू ठेवले असेल तर त्याचा प्रयोग अपुरा आहे. शंभर पदार्थांची 'असहिष्णुता' रक्तावरून सांगणाऱ्या आयजीजी चाचण्यांवर मात्र पैसा घालवू नये. आयजीजी प्रतिद्रव्ये बहुधा माणसाने तो पदार्थ खाल्ला आहे एवढेच सांगतात.

पूरके निरुपद्रवी असतात हा समज सर्वांत हट्टी आहे. मुंग्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत ब-६ असते, आणि ब-६ चा दीर्घकाळ अतिरेक झाला तर संवेदनावाहक मज्जातंतूच बिघडून मुंग्या येतात. रोगी मग मात्रा वाढवतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले, आणि शिशाच्या विषबाधेची लक्षणे म्हणजे थकवा, पोटशूळ, रक्तक्षय. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, आणि तो वाद काही असो, कारण न सापडलेल्या आजाराच्या तपासात 'काढा, चूर्ण, भस्म काय घेता?' हा प्रश्न प्रथम विचारावा, एवढे त्यातून निश्चित होते.

नेदरलँड्समधील कुटुंबवैद्यांनी कारण न सापडलेल्या थकव्याच्या रोग्यांवर केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. हिमोग्लोबिन, ईएसआर, ग्लुकोज आणि टीएसएच या चार चाचण्यांनी जवळजवळ तेवढेच साधते जेवढे लांबलचक यादीने साधते, आणि खोटे इशारे कमी मिळतात, असे त्यांना आढळले. चार आठवडे थांबून मग रक्त घ्यायचे ठरवले तेव्हा बहुतेक रोगी परतलेच नाहीत. आपल्या प्रदेशासाठी त्या यादीत फेरिटिन आणि ब-१२ घातल्यावाचून चालणार नाही, हे राष्ट्रीय पाहणीचे आणि पुण्याचे आकडे सांगतात. ज्याचे वजन प्रयत्न न करता उतरते आहे, ज्याला संध्याकाळी कणकण येते, ज्याच्या शौचातून रक्त जाते किंवा जो रात्री घामाने जागा होतो, त्याने तर कोणत्याही आहारप्रयोगात दिवस घालवू नयेत. बाकीच्यांना वैद्याने ठरलेल्या तारखेला पुन्हा बोलावून पुन्हा अंगाला हात लावून तपासावे. क्षय, संधिवात, थायरॉईडचा मंद ऱ्हास हे रोग पहिल्या भेटीच्या अहवालात पुष्कळदा दिसत नाहीत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ते वजनाच्या काट्यावर, मानेतील गाठीत किंवा बोटांच्या सुजलेल्या सांध्यांत प्रथम हाताला लागतात.